पाठ लागली नव्हती

जबाब
दिनांक १८ नोव्हेंबर २००८

मी, महिपती ज्ञानू शेवाळे, वय अंदाजे ७२ वर्षे, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा सध्या काही नाही, पूर्वी अंबरनाथ येथील कारखान्यात हेल्पर, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, मूळ गाव तालुका पाटण, जिल्हा सातारा. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे व साहेबांनी विचारले त्यावरून खालीलप्रमाणे सांगतो.

मी वरील ठिकाणी मुलगा रघु, सून अंजना व नातू वरद यांच्यासह राहतो. माझी पत्नी हयात नाही. रघु अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. वरद हा एकुलता असून त्याचे वय १९ आहे. तो बारावी पास आहे. रेल्वेत खेळाडूंच्या जागांसाठी पुढच्या महिन्यात चाचणी होती, तिची तो तयारी करत होता. होती असे म्हणतो कारण आता तो जाऊ शकत नाही.

माझे बोलणे मागेपुढे होते. साहेबांनी मला पाणी दिले व सावकाश सांगा म्हणाले. रक्तदाबाची गोळी मी सकाळी घेतली की नाही हे मला आठवत नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही असे साहेब म्हणाले. तरी लिहावे, कारण माझे डोके ठिकाणावर नाही असे पुढे कोणी म्हणेल. माझे डोके ठिकाणावर आहे.

हेंद्रेपाड्यात आमची पत्र्याची तालीम आहे. मी तिथे वस्ताद आहे. पगार नाही, मानाने आहे. आत लाल मातीचा हौदा आहे. आमच्या तालमीचे नियम गावाकडे होते तेच आहेत. चप्पल बाहेर. मातीच्या पाया पडल्याशिवाय उतरायचे नाही. हौद्यात एकदा पकड धरली की वस्तादाने वरच्याच्या पाठीवर हात ठेवून सोड म्हटल्याशिवाय ती सोडायची नाही. हा नियम मुलांनी मध्येच हसून सोडून देऊ नये म्हणून आहे. माझ्या वस्तादाने मला तसेच शिकवले व मी मुलांना तसेच शिकवले. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. पाठ लागली नाही तर कुस्ती चालू. आमच्यात हरण्याची दुसरी रीत नाही.

मिलिंद काशिनाथ भालेराव याला मी ओळखतो. तो अंबरनाथला राहतो, वय पंचवीस-सव्वीस असावे. आनंदनगर एमआयडीसीत मशीनवर काम करतो. तिथे तो अजून कायम झालेला नाही. उल्हासनगरला एका जिममध्ये हिरू मास्तर म्हणून सिंधी गृहस्थ आहेत, ते बरीच वर्षे विलायतेत होते, त्यांच्याकडे तो गादीवरची कॅच कुस्ती शिकला. मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून तो दर रविवारी आमच्या तालमीत येऊ लागला. मातीत खेळून बघायचे आहे म्हणाला. पहिल्या दिवशी तो चप्पल काढून दाराबाहेर उभा राहिला व आत येऊ का विचारले. तालमीत विचारून आत येणारे आता कोणी नाही, म्हणून मला ते लक्षात आहे.

कॅच कुस्ती म्हणजे काय असे साहेबांनी विचारले. मला कळले तेवढे सांगतो. त्यात पाठ लावली तरी जिंकतात आणि समोरच्याचा हात, पाय, मान अशी धरायची की त्याने स्वतःहून शरण यावे, तरी जिंकतात. शरण यायचे म्हणजे वरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने दोनतीनदा थापटायचे. त्याला ते टॅप म्हणतात. थापटले की वरच्याने त्याच क्षणी सोडायचे. सोडले नाही तर त्याला जिममधून काढून टाकतात असे मिलिंद सांगत असे.

मुले यावर त्याची चेष्टा करत. वरद म्हणायचा, "मिल्या, तुमच्यात हरायचं पण शिकवतात का रे? फी वेगळी घेतात का त्याची?" मिलिंद म्हणायचा, "अरे बाबा, पहिल्या दिवशी तेच शिकवतात. हिरू मास्तर बोलतो, पहले टॅप सीख, बाकी सब बाद में." त्यावर सगळे हसत. मीही हसत असे.

दोघांत वैर होते का असे विचारले. नव्हते. माझ्या मुलाने तक्रारीत लिहिले आहे की या दिवाळीत वरदने मिलिंदला चारचौघांत आपटले, त्याचा राग मिलिंदने मनात धरला. आपटले हे खरे आहे. त्यानंतर दोघे वडापाव खायला एकाच सायकलवर गेले हेही खरे आहे. ते रघुला माहीत नाही कारण रघु तालमीत येत नाही.

रविवार दिनांक १६ रोजी सकाळी तालमीत पाच-सहा मुले होती. आदल्या दिवशी वरदने माती खणून ठेवली होती, त्यामुळे माती मऊ होती. मातीचा दोष नाही. मिलिंद आल्यावर वरद म्हणाला, "आज पुरी कुस्ती. तुझी आणि माझी. आबा पंच." मिलिंद तयार झाला. परंतु हौद्यात उतरण्याआधी तो माझ्याकडे आला व म्हणाला, "आबा, आधी ठरवून घेऊ. मी हात वळवला आणि याने थापटलं की मी सोडणार. चालेल ना?"

मी म्हणालो, "आमच्यात थापटत नाहीत. पाठ लागली की संपली."

तो म्हणाला, "मग मी हाताचे डाव लावत नाही. नुसती पाठ लावायला बघतो."

तेव्हा वरद म्हणाला, "का रे? घाबरला का? लाव की."

मिलिंदने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "लाव रे. बघू तरी विलायती डाव. मातीतला गडी आहे तो, मोडतोय का लगेच." हे माझे शब्द आहेत. सर्व मुलांनी ऐकले आहेत. मुलांनी ते तुम्हाला सांगितले नसतील तर माझ्या भीतीने सांगितले नसतील.

कुस्ती सुरू झाली. सुरुवातीला वरदचा जोर जास्त होता. त्याने मिलिंदचा एक पाय धरून एकेरी पट काढला, पण मिलिंद निसटून मागे गेला व त्याने कब्जा घेतला, म्हणजे वरद खाली गुडघ्यांवर व हातांवर आणि मिलिंद त्याच्या पाठीवर. मग मिलिंदने वरदचा उजवा हात काढून घेतला. एका हाताने मनगट धरले, दुसरा हात वरदच्या दंडावरून आत घालून आपलेच मनगट धरले. अशी चौकट झाली. मग ती चौकट तो वरदच्या पाठीमागून हळूहळू डोक्याकडे नेऊ लागला. हळूहळू हा शब्द जसाच्या तसा लिहावा. त्याने झटका दिला नाही. मी पन्नास वर्षे मातीत आहे, झटका मला कळतो.

हा डाव हात मोडण्यासाठीच असतो का असे साहेबांनी विचारले. मला त्या दिवशी समजले नव्हते, नंतर दवाखान्याच्या बाहेर बसून मी विचार केला तेव्हा समजले. हात असा वर गेला की खालच्याला दुखते. दुखणे थांबवायचे तर त्याने हाताच्या दिशेने कोलांटी घेऊन पाठीवर पडायचे. पडला की पाठ लागते व हात सुटतो. म्हणजे मिलिंद त्याला पाठीवर जायला वाट करून देत होता. मी म्हणालो होतो पाठ लागली की संपली, म्हणून तो पाठच लावायला बघत होता. दुसरी वाट म्हणजे उलट दिशेने फिरायचे. उलट फिरले की पाठ वाचते, पण हात अडकलेला राहतो आणि सगळे अंग त्या हातावर येते.

मी हौद्यात, दोघांच्या डोक्याशी उभा होतो.

मिलिंद म्हणाला, "आबा, हात टाईट आहे. सोडू का?"

मी म्हणालो, "पाठ लागलेली नाही."

तो परत म्हणाला, "आबा, हा पडत नाहीये. हात ठेवा ना पाठीवर." म्हणजे मी त्याच्या पाठीवर हात ठेवून सोड म्हणावे. आमचा नियम तो आमच्या मुलांपेक्षा जास्त पाळत होता. त्याने पकड तिथेच थांबवून धरली, पुढे नेली नाही. मी हात ठेवला नाही.

इथपर्यंत सांगितले तेव्हा माझा मुलगा रघु, जो ठाण्यात बाहेर बाकावर बसला होता, तो दारात आला. त्याने बहुतेक ऐकले. तो म्हणाला, "आबा, काय बोलताय हे? घरी काय ठरलं होतं?" मी म्हणालो की मी जे झाले ते सांगतो आहे. तो म्हणाला, "पोराचा हात गेलाय, आबा! बोटं हलत नाहीत त्याची!" मी हो म्हणालो. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, यांचं वय झालंय. रविवारपासून जेवले नाहीत. यांचं काही लिहू नका, डोकं ठिकाणावर नाही यांचं." साहेबांनी त्याला बाहेर बसायला सांगितले. जाताना तो मला म्हणाला, "त्या भालेरावाची बाजू घ्यायला नातवाचा बळी देताय तुम्ही." हे त्याने रागात म्हटले आहे. रघु स्वभावाने वाईट नाही. दोन दिवस तो दवाखान्यात जमिनीवर झोपतो आहे. त्याच्याविरुद्ध यावरून काही करू नये.

घरी काय ठरले होते असे साहेबांनी विचारले. रविवारी उल्हासनगरच्या दवाखान्यात रघु धावत आला व मला विचारले, "कोणी केलं?" मी म्हणालो, "मिलिंदने." एवढेच म्हणालो. त्याने पुढे विचारले नाही व मी सांगितले नाही. त्याच संध्याकाळी तो तक्रार देऊन आला. काल रात्री तो दवाखान्यातून थोडा वेळ घरी आला तेव्हा त्याने मला समजावले की जबाबात एवढेच सांगायचे, मिलिंदने राग धरून मुद्दाम हात मोडला, मी थांब थांब म्हणत होतो. मी तेव्हा नाही म्हणालो नाही. सून अंजना तिथे होती. ती म्हणाली, "मामंजींना जे दिसलं ते त्यांना सांगू द्या." मग तिने ताट वाढले. मला वाटते तिला समजले आहे.

आता पुढचे सांगतो. हे मी अद्याप कोणाजवळ बोललेलो नाही.

मिलिंदने पकड थांबवून धरली होती तेव्हा वरदचा चेहरा मातीत होता. तो म्हणाला, "आबा." एकदाच म्हणाला. मोठ्याने नाही. त्याचा डावा हात मोकळा होता, तो त्याने मातीवर पसरला, पण थापटला नाही. थापटायचे त्याला येत नव्हते असे नाही, त्याने मिलिंदला कितीतरी वेळा ते करून दाखवताना बघितले होते. पण मी तिथे उभा होतो.

त्याने आबा म्हटल्यावर मी ओरडलो, "पाठ देऊ नको! फीर! उलटा फीर!"

तो फिरला. मी सांगितल्याप्रमाणे पूर्ण जोराने फिरला. तो लहानपणापासून मी सांगतो त्या बाजूला फिरतो, विचार करत नाही, मी त्याला तसेच तयार केले आहे. दंडाचा आवाज झाला. पत्र्यावर बाहेरून काही पडले असे मुलांना वाटले. मला तसे वाटले नाही.

मिलिंदने आवाज होताच सोडले. माझ्या परवानगीची वाट बघितली नाही. तो ओरडला, "आबा, अरे आबा, काय केलंत," आणि वरदचे डोके मांडीवर घेऊन बसला. मग त्यानेच दोन लाकडी पट्ट्या व माझा पटका घेऊन हात बांधला, रिक्षा बोलावली, वरदला धरून नेले. मी रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो. मागे वळून बघितले नाही. रस्त्यात खड्डा आला की वरद ओरडत असे व मिलिंद ड्रायव्हरला म्हणत असे, "आरामसे भाई, आरामसे." पाठ लागली नव्हती. हे मी रिक्षात मनात म्हणत होतो. असे का म्हणत होतो ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितले की दंडाचे हाड पिळवटून मोडले आहे व त्याबरोबर नस ओढली गेली आहे. काल ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली. मनगट खाली पडते, वर उचलता येत नाही. नसेत जोर परत येईल किंवा येणार नाही, काही महिने थांबावे लागेल असे ते म्हणाले.

आज मी इथे आलो तेव्हा मिलिंद आत बाकावर बसलेला होता. कालही त्याला दिवसभर बसवून ठेवले होते असे कळले. मला बघून तो उठून उभा राहिला व म्हणाला, "आबा, वरदची बोटं हलली का?" मी नाही म्हणालो. तो खाली बसला. त्याच्या आईने त्याच्यासाठी डबा आणला होता, तो तिने माझ्यापुढे केला. मी घेतला नाही.

साहेबांनी मला सांगितले की मिलिंदने त्याच्या जबाबात, मी डाव धरला व माझ्या हातात त्याचा हात मोडला, एवढेच सांगितले आहे. मी ओरडल्याचे, स्वतः दोनदा सोडू का म्हणाल्याचे, त्याने सांगितलेले नाही. माझे ऐकून साहेब आत्ताच उठून त्याला का सांगितले नाही असे विचारून आले, तेव्हा तो म्हणाला म्हणे की वस्तादांचे नाव कागदावर कशाला. साहेब म्हणाले, कलम कोणते लागणार ते त्याने मुद्दाम केले की नाही यावर आहे, आणि जवळून बघणारे तुम्ही एकटेच आहात. पोलिसांत केस झाली तर कंपनी त्याला कायम करणार नाही, उलट काढेल, हे मला माहीत आहे. मी कारखान्यात होतो.

म्हणून सांगतो की मिलिंद भालेराव याने वरदचा हात मुद्दाम मोडलेला नाही. त्याने आधी विचारले, मध्ये विचारले, थांबला. थांबवण्याचा अधिकार फक्त मला होता व मी थांबवले नाही. फिरण्याची आज्ञा माझी होती. त्या वेळी मला वाटले की पोरगा निसटेल. मला वाटले की उल्हासनगरच्या गादीवर शिकलेल्याने माझ्या मातीत माझ्या नातवाची पाठ लावू नये. वरदचा हात मला दिसत होता. कुठपर्यंत आला आहे तेही दिसत होते.

यात माझ्यावर कलम लागत असल्यास लावावे. मला अटक करणार असल्यास तालमीची किल्ली कोणाकडे द्यायची ते आधी विचारून घ्यावे, मुले संध्याकाळी येतात. साहेब म्हणाले तशी गरज पडणार नाही. तरी मी किल्ली टेबलावर ठेवली आहे. ती मला परत नको.

साहेब उद्या दवाखान्यात जाऊन वरदचा जबाब घेणार आहेत असे मला समजले. त्याबाबत मला सांगायचे आहे. काल ऑपरेशनच्या आधी रघुने त्याला माझ्यासमोर विचारले, "आबा कुठे होते तेव्हा?" वरदने माझ्याकडे बघितले व म्हणाला, "आबा लांब होते, बाबा. दारापाशी. त्यांना दिसलं पण नसेल." तुम्ही विचाराल तेव्हा तो हेच सांगेल. मी लांब नव्हतो. मी वाकलो असतो तर माझा हात त्याच्या डोक्याला लागला असता. तो माझ्यासाठी खोटे सांगेल, त्याच्याकडून ते लिहून घेऊ नये. त्याला तसे सांगायला लागू नये म्हणून मी आधी आलो.

हा जबाब साहेबांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना दार उघडे होते व बाहेर माझा मुलगा बसला होता. कुठे काही खोडायचे आहे का असे साहेबांनी दोनदा विचारले. काही खोडायचे नाही. मी बोललो तसेच लिहिले आहे व ते खरे आहे. सही मराठीत करतो.

महिपती ज्ञानू शेवाळे

समक्ष